उजेड कामाला चिकटलेला हवा

कुणी नवी छोटी टॉर्च हातात दिली की मी लुमेन (म्हणजे उजेडाचं माप), रेंज, किती मोड वगैरे काही विचारत नाही, आधी ती उलटी करते. बूड सपाट आहे का, आणि जवळच्या ग्रिलला लावली तर धरते का. धरली तर पुढचं बोलू. बुडात लोहचुंबक नसलेली टॉर्च मी आता घेतच नाही, मग ती कितीही लांब उजेड फेकू दे.

यावरून आमच्या घरात जेवताना वाद होतो. माझा दीर आणि त्याचा मुलगा दोघेही हेडलॅम्पवाले. त्यांचं म्हणणं, हात मोकळे व्हायला हवेत एवढंच ना, मग कपाळाला पट्टा बांधला की झालं, चुंबकाचं एवढं काय घेऊन बसलीस. वरवर बघता बरोबरच आहे ते. पण हात मोकळे होणं हा चुंबकाचा अर्धाच उपयोग आहे, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचा अर्धा. मोठा फायदा असा की उजेड डोळ्यापासून वेगळा होतो. तुम्ही बघता एका बाजूने आणि उजेड येतो दुसऱ्याच बाजूने. हे मी पानावर बसून सांगायला गेले की कोणीतरी मध्येच हुमण, म्हणजे माशाची आमटी, मागतं आणि विषय तिथेच राहतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात फोंडा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. पोफळी, त्यांच्यावर चढवलेल्या मिरवेली, मधे माड आणि केळी, चार जायफळाची झाडं, आणि खाली ओहोळाच्या काठाला पंपघर. पंपघर म्हणजे काय, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, वर पत्रे, आत मोनोब्लॉक पंप आणि भिंतीवर स्टार्टरचा पॅनल. उन्हाळ्यात संध्याकाळचं व्होल्टेज पडतं, त्यामुळे पंप चालवायचा तो रात्री उशिरा नाहीतर पहाटे, आणि बिघाड व्हायचा तर तोही त्याच वेळेला होतो. पंपघरात एक बल्ब आहे पण तो छताच्या मधोमध, आणि आपण पंपावर वाकलो की आपलीच सावली पंपावर. लग्न होऊन आले तेव्हापासून बाबा, म्हणजे माझे सासरे, पंप उघडायचे आणि मी टॉर्च धरून उभी असायची. थोडी वर, थोडी डावीकडे, अगं तिकडे नको इकडे. त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण धरणाऱ्याला दिसतं एक आणि काम करणाऱ्याला हवं असतं दुसरंच, यात दोघांचाही दोष नसतो. एक माणूस पूर्णपणे टॉर्चचा स्टँड होऊन जातो. तोच माणूस पाना देऊ शकला असता, नट जपून ठेवू शकला असता, निदान डास तरी मारू शकला असता.

गेल्या उन्हाळ्यात पंप पाणी ओढेना. प्रायमिंग करायचं, म्हणजे आधी पंपात पाणी भरायचं, सुरू करायचा, थोडं पाणी यायचं आणि मग नुसता मोटरचा आवाज. सगळ्यांना संशय फूटव्हॉल्व्हचा, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या झडपेचा, कारण नेहमी तोच जातो, पानं अडकतात त्यात. फूटव्हॉल्व्ह काढला, धुतला, ठीक होता. मेकॅनिक आला, त्यानेही हेडलॅम्पने सगळं बघितलं, सक्शनच्या फ्लँजवर, म्हणजे पाणी ओढणारा पाइप जिथे बोल्टने पंपाला जोडतात त्या कडीवर, तीनदा हात फिरवला, काही नाही. मग मी माझी टॉर्च पंपाच्या बेडवर, म्हणजे खाली जी बिडाची पट्टी असते तिच्यावर चिकटवली, अशी की उजेड फ्लँजच्या अंगावरून घासत जाईल, समोरून पडणार नाही. आणि रंगाखाली एक काळी रेघ उठून दिसली, केसाएवढी, बोल्टच्या भोकापासून निघून वळून गळ्याकडे गेलेली. पाणी ओतल्यावर त्या रेघेच्या एका टोकाला अगदी बारीक ओल चमकायला लागली. तिथूनच हवा ओढली जात होती. मेकॅनिक म्हणाला, वहिनी, हे दिवसा उजेडीसुद्धा दिसलं नसतं. आणि ते खरंय, कारण दिवसा पंपघरात दारातून जो पसरट उजेड येतो त्यात भेगेला सावलीच पडत नाही.

सगळी गोष्ट त्या सावलीत आहे. भेग, ओरखडा, घासलेला आटा, वर आलेली खिळ्याची डोकी, फुगलेला रंग, हे सगळं आपल्याला दिसतं ते त्याच्या सावलीमुळे. कपाळावरचा दिवा डोळ्यापासून दोन-तीन इंचांवर असतो, म्हणजे उजेड जातो त्याच वाटेने नजर जाते, आणि जी काही सावली पडते ती वस्तूच्या मागे लपते, आपल्याला दिसतच नाही. सगळं लख्ख दिसतं पण सपाट दिसतं. तोच दिवा काढून बाजूला ठेवला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, की उंचवटे आणि खड्डे बोलायला लागतात. भिंतीला पुट्टी मारणारे रंगारी बल्ब भिंतीच्या कडेला धरून बघतात ते याचसाठी. आणि आमच्या फोंड्याकडच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको, कारण आम्ही उत्सवी नाटकांवर वाढलेले. देवळाच्या जत्रेत गावची पोरं मराठी नाटक बसवतात, आणि ज्याने कधी विंगेत उभं राहून लाईट सांभाळलेत त्याला माहीत असतं की नुसता समोरून उजेड टाकला तर नटाचा चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो, विंगेतून बाजूचा टाकला की नाक, गाल, कपाळाच्या आठ्या सगळं उभं राहतं. पंपाच्या फ्लँजचंही तेच आहे.

पावसाळ्यात तर हा फरक आणखीनच जाणवतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांना सांगून कळत नाही. रात्री वाऱ्याने झावळ पडून लाईट गेली, बाहेर जाऊन बघायला हवं, आणि हेडलॅम्प लावून बाहेर पडलं की डोळ्यासमोरचा पाऊसच चमकतो. प्रत्येक थेंब उजेड परत डोळ्यात मारतो, धुकं असलं तर पांढरी भिंतच. गाडीचा अप्पर लावून धुक्यात चोर्ला घाट चढलेल्या कुणालाही हे कळेल, आणि फॉगलाईट खाली का बसवतात तेही. टॉर्च गेटच्या लोखंडी खांबाला कमरेच्या उंचीवर लावली आणि आपण बाजूला उभे राहिलो तर उजळलेले थेंब आपल्या नजरेच्या वाटेत फारसे येत नाहीत, कामाची जागा दिसते.

अंतराचा हिशेबही आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो हे शाळेत सगळ्यांनी लिहिलंय पण पंपघरात ते आठवत नाही. एका मीटरवरून पडणारा उजेड पाव मीटरवर आणला तर सोळापट होतो. म्हणजे मागे उभं राहून कुणीतरी हजार लुमेनची टॉर्च धरली तर जेवढा, जवळपास तेवढाच उजेड वीतभर अंतरावर चिकटलेली साठ-सत्तर लुमेनची टॉर्च कामाच्या जागी देते, आणि ती रात्रभर चालते, तापत नाही, डोळे दिपवत नाही. मोठ्या लुमेनच्या छोट्या टॉर्च थोड्याच मिनिटांत तापून आपोआप उजेड कमी करतात, एवढ्याशा अॲल्युमिनियमच्या नळीला तेवढी उष्णता बाहेर टाकताच येत नाही. मी कामाला नेहमी लो किंवा मीडियमच लावते.

आता कुठे चिकटते आणि कुठे नाही, हे गोव्यातल्या घरात राहून शिकण्यासारखं आहे. जुनं घर असेल तर पहिली अडचण भिंतीच. चिऱ्यात लोह भरपूर असतं, त्याचा तांबडा रंगच त्यामुळे, पण ते गंजलेल्या रूपातलं, ऑक्साइड झालेलं, त्याला टॉर्च धरत नाही. डिचोली-सत्तरीकडच्या खाणींतलं खनिजही बहुतेक हेमटाइट, तेही चुंबकाला फार दाद देत नाही. उलट किनाऱ्यावर वाळूत जे काळे पट्टे दिसतात त्यातले काही कण मात्र टॉर्चच्या बुडाला दाढीसारखे चिकटून येतात, मॅग्नेटाइट असतो तो. मुलांना हे दाखवलं की अर्धी संध्याकाळ त्यातच जाते. फक्त घरी येऊन बूड साफ करायला हवं, त्याला उत्तम उपाय म्हणजे सेलोटेप दाबून ओढणे, पुसत बसलात तर कण फक्त इकडचे तिकडे होतात. वेल्डिंगच्या दुकानात टॉर्च ठेवलीत तरी हेच, लोखंडाचा सगळा कीस गोळा करून येते.

लाकडाला चिकटत नाही, अॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांना नाही, पितळेच्या समईला नाही, काजूच्या मोसमात भट्टीवर गेलात तर तिथल्या तांब्याच्या भाणाला, म्हणजे फेणी गाळायच्या भांड्याला, नाही. स्टीलचं मात्र गंमतीशीर आहे. चांगल्या सिंकला आणि महागाच्या डब्यांना चिकटत नाही, कारण ३०४ नंबरचं स्टेनलेस, निकेल जास्त, चुंबकाला धरत नाही. पण ४३० नंबरच्या स्टीलला झकास चिकटते. फ्रीजचा दरवाजा, पत्र्याचं कपाट, गॅसचा सिलिंडर, ग्रिल, गेट, शिलाई मशीनचं बिडाचं अंग, शटर, इन्व्हर्टरची ट्रॉली, या सगळ्यांना चिकटते. सिलिंडरचं नाव घेतलं म्हणून लगेच सांगते, गॅसचा वास येत असेल तर ही टॉर्च तिथे पेटवायची नाही, विझवायचीही नाही, साध्या टॉर्चच्या बटणाला ठिणगीपासून कसलंच संरक्षण नसतं. आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर.

कौलारू घराची दुसरी अडचण मला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहिणीकडे गेल्यावर कळली. तिच्याकडे लाईट गेली की टॉर्च टेबलावर उभी करतात, उजेड पांढऱ्या छताला लागून सगळ्या खोलीत पसरतो, छान होतं. आमच्याकडे वर काळपट वासे, रिपा आणि कौलं, उजेड वर गेला की गेला, खाली काही येत नाही. इथे चुंबकाने घरच बदललं. माजघरातल्या ट्यूबलाईटची जुनी पट्टी पत्र्याची आहे. लाईट गेली की स्टुलावर चढून टॉर्च त्या पट्टीला खाली तोंड करून लावायची. मग उजेड जिथून रोज येतो तिथूनच येतो. सावल्या रोजच्याच जागी पडतात. आई, म्हणजे सासूबाई, नजर कमी झाल्यामुळे सवयीवर चालतात, मेणबत्ती लावली की सावल्या हलतात आणि त्या उंबऱ्याला अडखळतात, ट्यूबच्या पट्टीवरून उजेड आला की त्या नेहमीसारख्या स्वयंपाकघरात ये-जा करतात. मला स्वतःला पंपापेक्षाही हा उपयोग मोठा वाटतो. नव्या एलईडी पट्ट्या प्लास्टिकच्या नाहीतर अॅल्युमिनियमच्या येतात, त्यांना चिकटत नाही, म्हणून माजघरातली ती जुनी पट्टी मी कुणाला काढू देत नाही.

जिथे लोखंड नाही तिथे लोखंड लावायचं, सोपं आहे. पंपघराच्या लाकडी चौकटीवर मी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचे तुकडे स्क्रूने मारून घेतलेत, एक डोळ्याच्या उंचीवर, एक गुडघ्याच्या. न्हाणीघरात टाइलवर डबल टेपने मोठा लोखंडी वॉशर. काहीच नसेल तर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तो उभा-आडवा कसाही ठेवा आणि टॉर्च त्याला हव्या त्या कोनात लावा. पोफळीला मात्र खिळे मारायचे नाहीत, झाडाला इजा होते, त्यापेक्षा सुंभाने पत्र्याची पट्टी बांधावी.

एवढ्याशा चुंबकाला एवढी ताकद कुठून आली हे मी मुद्दाम वाचून काढलं. आम्ही लहान असताना स्पीकरमधून काढलेले काळे गोल चुंबक असायचे, फेराइटचे, त्या आकाराचा तुकडा टॉर्चच्या बुडात घातला असता तर टॉर्च धरली नसती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक शोधला, १९८३ मध्ये एकाच परिषदेत दोन्हीकडचं काम जाहीर झालं. त्या मिश्रणात दोन अणू निओडिमियमचे, चौदा लोखंडाचे आणि एक बोरॉनचा, म्हणजे तसं बघितलं तर लोखंडच जास्त. सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला १९९१ मध्ये. निळा एलईडी, ज्याच्यावर पिवळा फॉस्फर लावून पांढरा उजेड मिळतो, तो १९९०च्या दशकात वापरण्याजोगा झाला, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. लिथियम सेलच्या नोबेलमध्ये २०१९ मध्ये योशिनो होते. हातातली बोटभर टॉर्च म्हणजे ही तीन कामं एका नळीत बसलेली आहेत, आणि तिन्हींत जपानी माणसांचा मोठा वाटा. मला याचं फार अप्रूप वाटतं. जुन्या तीन सेलांच्या लांब टॉर्चला चुंबक लावून काही उपयोगच नव्हता, तिचं वजनच तिला खाली ओढून आणलं असतं. आत्ताचा १८६५० सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, टॉर्च त्याच्यापेक्षा थोडीशीच मोठी. सेल हलका झाला आणि चुंबक जोरदार झाला, तेव्हा कुठे टॉर्च आडवी चिकटून राहायला लागली.

आडवी हा शब्द मुद्दाम वापरला. छताला उलटी लटकली तर चुंबकाची पूर्ण ओढ कामी येते. उभ्या पत्र्याला लावली की दोन गोष्टी विरुद्ध जातात, एक तर ती घसरायला बघते, आणि घसरण्याविरुद्धची पकड सरळ ओढीपेक्षा बरीच कमी असते, आणि दुसरं म्हणजे टॉर्चचं डोकं बाहेर लोंबत असतं ते तरफेसारखं बूड उचकटतं. म्हणून लांब टॉर्चपेक्षा आखूड टॉर्च चांगली, आणि एल आकाराची, म्हणजे जिचा उजेड काटकोनात बाहेर पडतो, ती सगळ्यात चांगली, कारण ती पत्र्याला धरून बाजूला बघते. पत्रा पातळ असेल, रंगाचे थर जाड असतील, तेलकट असेल तर पकड ढिली होते. यावर एक साधा उपाय करून ठेवलाय, सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बुडाला चिकटवलाय. मधे रबर आल्यामुळे ओढ थोडी कमी होते पण घसरणं जवळजवळ थांबतं, आणि दिराच्या गाडीच्या बॉनेटवर ओरखडे पडत नाहीत हेही आहेच.

गाडीवरून आठवलं. बोरीच्या पुलाच्या अलीकडे एका रात्री आमच्या ओळखीच्या पायलटची, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याची, मोटारसायकल पंक्चर झाली होती, मागे प्रवासी, रस्त्यावर दिवा नाही, आम्ही थांबलो. ट्यूबलेस टायर, पंक्चर किट त्याच्याकडे होतं, पण खिळा सापडेना. मोबाईलचा उजेड समोरून मारत होता तो. मी टॉर्च मधल्या स्टँडला लावली, टायरच्या बाजूने, आणि तो चाक हळूहळू फिरवत गेला. नक्षीच्या खाचेत एका जागी सावली वेगळी पडली, तारेचा तुकडा होता. तिथेच एक गोष्ट सांगितली त्याला, सायलेन्सरला कधी लावायची नाही. साधा निओडिमियम चुंबक ८० डिग्रीच्या वर तापला की कायमचा कमजोर होत जातो, आणि चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर त्याच्या किती तरी पुढे असतो, शिवाय सेलही तापतो ते वेगळंच.

सावधगिरीच्या गोष्टी आल्याच आहेत तर उरलेल्या सांगून टाकते, या मला खरंच काळजीच्या वाटतात. आमच्या बाबांना आता पेसमेकर बसवलाय. जोरदार चुंबक जवळ आला तर बहुतेक पेसमेकर ठरावीक गतीच्या मोडमध्ये जातात, लांब केला की परत पूर्ववत होतात, पण तो खेळ करायचाच कशाला. किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच लांब ठेवायचा. आणि गोव्यात काय, आपल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची टॉर्च ठेवायची जागा एकच, शर्टाचा वरचा खिसा, अगदी पेसमेकरवर. बाबांची टॉर्च मी चुंबक काढता येणारी घेतली आणि चुंबक काढून ठेवला. सुटा चुंबक मात्र लहान मुलांच्या हाती लागता कामा नये, एकापेक्षा जास्त गिळले तर पोटात आतडी मधे धरून एकमेकांना चिकटतात, जिवावरचं प्रकरण असतं.

इलेक्ट्रिक पॅनलमध्ये टॉर्च आत लावायची नाही, दाराला लावायची. मेन बंद करायचा हे तर आहेच, पण टॉर्चचं अंग अॅल्युमिनियमचं, विजेचं वाहक, ते घसरून टर्मिनलवर पडलं तर काय होईल ते सांगायला नको. नवीन पॅनल प्लास्टिकचे यायला लागलेत, त्यांच्या शेजारी भिंतीवर पत्रा मारून घ्यावा. ट्रॉलरवर किंवा होडीवर काम करणाऱ्यांनी होकायंत्रापासून लांब ठेवावी, सुई वळते आणि रात्री समुद्रात ते कळतही नाही. आणि ज्या टॉर्चचं चार्जिंगही बुडातूनच होतं तिचे पॉइंट स्वच्छ ठेवायचे, कीस अडकला तर शॉर्ट होण्याची भीती. आमच्या खाऱ्या हवेत चुंबकावरचा निकेलचा मुलामा एकदा उडाला की आतलं फार लवकर गंजून भुगा होतं, टॉर्च आपटू द्यायची नाही ती त्यासाठी.

दिराच्या बाजूनेही लिहायला हवं. पोफळीवर चढणाऱ्याला हेडलॅम्पच लागतो, तिथे कुठे चिकटवणार. ओहोळाच्या काठाने चालताना, पायाखाली साप आहे का बघताना, नजर जाईल तिथे उजेड हवा, तिथे चुंबक बिनकामाचा. एल आकाराच्या काही टॉर्चबरोबर कपाळाचा पट्टाही येतो, चालताना डोक्याला, पोचल्यावर लोखंडाला. मी दिराला तीच दिली. तो ती अजूनही डोक्यालाच लावतो, पण गेल्या दिवाळीत नरकासुराच्या रात्री काय झालं ते सांगते.

आमच्या वाड्यावरची पोरं दरवर्षी नरकासुराचा पुतळा करतात. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर गवत, त्यावर कागद आणि खळ, मग रंग, आणि रात्रभर मिरवून पहाटे जाळायचा. संध्याकाळी मुखवटा बसवायची घाई आणि जनरेटर बंद पडला. सगळे हेडलॅम्प आणि मोबाईल घेऊन चढले, पण मुखवट्याच्या डोळ्यांभोवती रंगवणाऱ्या मुलीला समोरून चार जणांचा हलता उजेड, तिला खोबणी कुठे आणि गाल कुठे तेच कळेना, भुवया सपाट दिसतायत म्हणून ती रडकुंडीला आलेली. पुतण्याने स्वतःच डोक्यावरची टॉर्च काढली आणि सांगाड्याच्या खांद्याला, उघड्या अँगलला चिकटवली, बाजूने, थोडी खालून. नाकाची सावली गालावर पडली, डोळे आत गेले, सगळा राक्षस एकदम चेहऱ्यात आला. पोरगी म्हणाली, ए हलवू नकोस हां आता कुणी. आणि हलवायला कुणी नव्हतंच, सगळ्यांचे हात खळीत होते.

विकत घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, दुकानात जाऊन घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या नाहीतर फोंड्यातल्या हार्डवेअरवाल्याकडे, तिथे शटर असतंच. शटरला आडवी लावायची, म्हणजे अंग जमिनीला समांतर, आणि शटर हाताने एकदा थोपटायचं. खाली आली तर परत ठेवून द्यायची. पावसाचं बघायचं असेल तर आयपीएक्स४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापुरती, आयपीएक्स८ म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालणारी, कुळागरात काम असेल तर आयपीएक्स८चीच घ्या. लो मोड खरोखर लो आहे का बघा, पुष्कळ टॉर्चचा लो सुद्धा डोळ्यात जातो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी मला एक काम करून घ्यायचंय. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो ती फळा-पानांची सजावट, बांधतो त्या लाकडी चौकटीच्या वर, वाशाला, एक जीआय पट्टी मारायची, म्हणजे आरतीच्या वेळी लाईट गेली तर टॉर्च वरून लावता येईल आणि घुमट, म्हणजे मातीचं चामडं ताणलेलं वाद्य, वाजवणाऱ्यांच्या डोळ्यात उजेड जाणार नाही. मेस्ताला, म्हणजे सुताराला, सांगून ठेवलंय. तो वाशाकडे बघून म्हणाला, बाय, पट्टी मारीन, पण दोन मारूया, एक गणपतीच्या उजव्या बाजूला पण, मूर्तीवर बाजूने उजेड आला की सोंड बरी दिसते.